छाटणीच्या कात्रीत आधी स्प्रिंग बघा: ऑक्टोबर ते ऑगस्ट, माहीमच्या गच्चीवर

ऐन श्रावणात जास्वंदीचा पसारा आवरायला घेतला आणि कात्री मिटली ती उघडेचना. स्प्रिंग मधोमध तुटली होती. पातं धड, धार शाबूत, मुठीवरचं रबर नव्यासारखं, आणि बोटभर तारेपायी साडेअकराशे रुपयांचं हत्यार निकामी.

विकणाऱ्यांना फोन केला. स्प्रिंग हा ‘झिजणारा भाग’, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही, असं उत्तर आलं. ठीक आहे, विकत द्या म्हटलं. तर सुटी स्प्रिंग विकतच नाहीत! जो भाग झिजणार हे तुम्हीच सांगता, तोच तुमच्याकडे मिळत नाही, हा कुठला न्याय? वर नव्या कात्रीवर दहा टक्के सूट देऊ केली. मी ती घेतली नाही आणि घेणारही नाही. तोंड मिटलेल्या कात्रीचा फोटो जोडून सविस्तर मेल लिहिला, त्याला फक्त तक्रार क्रमांक आला.

आता कात्रीबद्दल. बायपास जातीची आहे, म्हणजे दोन पाती एकमेकांना घासून जातात. ओल्या फांदीला हीच हवी. ॲनव्हिलवाली, म्हणजे एकच पातं सपाट पट्टीवर दाबून कापणारी, सालीला चेपते आणि चेपलेली जागा मुंबईच्या पावसात हमखास कुजते. हे बहुतेकांना ठाऊक असतं, म्हणून लांबण लावत नाही. पातं एसके-५ पोलादाचं. यात कार्बन ०.८ ते ०.९ टक्के, त्यामुळे धार सुरेख लागते आणि टिकते. ऑक्टोबरात पाऊस सरल्यावर गुलाबांची छाटणी केली, तेव्हा बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) जरा वर तिरका काप द्यायचा तर तो एका दाबात, साल न फाटता बसत होता. वाळक्या शेंड्यांचा रोग खाली उतरू नये म्हणून हिरवा गाभा दिसेपर्यंत कापत गेले, एकही काप चिरडला नाही. जानेवारीच्या शेवटी मोगरा छाटला, तेव्हाही तसंच. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर डोळे मिटून घ्या म्हटलं असतं.

खोक्यावर २५ मिलिमीटर लिहिलंय ते ओल्या, मऊ फांदीपुरतं धरा. बोगनवेलीचं वाळकं खोड त्याच्या अर्ध्या जाडीचं असलं तरी मनगटाला हिसका बसतो आणि पाती एकमेकांपासून फाकतात. त्याला घडीची करवत घ्यावी, ओढताना कापणारी. (सोसायटीच्या आवारातल्या झाडांना मात्र करवत लावण्याआधी पालिकेची परवानगी काढा, १९७५चा वृक्ष कायदा आहे.)

स्प्रिंग तुटल्यावर रागाच्या भरात मी ओळखीच्या सगळ्यांना ही कात्री घेऊ नका असं कळवलं. मग दिंडोरीहून चुलत दीर आले. त्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी मिळून त्यांच्याकडच्या कात्र्या एका हंगामात जेवढं कापतात, तेवढं माझ्या गच्चीवर वर्षानुवर्षं व्हायचं नाही. त्यांनी तुटका तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, “वहिनी, ही वापरून नाही तुटली. गंजून तुटलीये. आमच्याकडं छाटणीवाल्याच्या खिशात जादा स्प्रिंग असतीच, पण एवढा गंज आमच्या तिकडं धरत नाही.”

भिंग लावून पाहिलं. तारेवर बारीक खड्डे पडले होते, आणि तूट नेमकी त्यातल्या एका खड्ड्यातून सुरू झाली होती. गंजाचा खड्डा हीच तारेची कमकुवत जागा. दर दाबाला ती तिथेच थोडी थोडी उकलते. पात्यावर लेप आहे, शिवाय ते आपण दर वेळी पुसतो. स्प्रिंग दोन मुठींच्या सांध्यात दडलेली. तिथे चीक, माती, ओल साठते आणि समुद्रावरचं खारं वारं उरलेलं काम करतं. कंपनीने एवढ्या चांगल्या पात्याशेजारी साध्या कार्बन पोलादाची उघडी तार बसवली, त्यात स्टेनलेसची घातली असती तर किंमत कितीशी वाढली असती? माझा राग तिथेच आहे, आणि तो रास्त आहे.

शेवटी नागदेवी स्ट्रीटला गेले. हार्डवेअरच्या त्या गल्लीत नुसत्या स्प्रिंगा विकणारी दुकानं आहेत. तुटके दोन्ही तुकडे दाखवले. पहिली दिली ती स्टेनलेसची, पण जाड तारेची. दोन कुंड्या होईस्तोवर अंगठ्याचा सांधा भरून आला. परत जाऊन बारीक तारेची घेतली, वीस रुपये. आता कात्री पहिल्यापेक्षा हलकी उघडते. म्हणून मत बदलतेय: पातं घेण्याजोगं आहे, पण घेतल्याच्या दिवशीच स्प्रिंग बदला. विक्रीनंतरच्या सेवेबद्दलचं मत मात्र तेच आहे.

“सरळ फेल्को घे” असं शेजारच्या विंगमधले काका सांगतात. त्यांच्याकडे लाल मुठींची फेल्को २ आहे, स्वित्झर्लंडची. ती कंपनी १९४५पासून हेच करते, आणि पातं, स्प्रिंग, नट, बोल्ट सगळं सुटं मिळतं. मी हातात घेऊन पाहिली, तोल अप्रतिम आहे. पण बारा-पंधरा कुंड्यांसाठी कात्रीवर हजारो रुपये घालायला माझं मन धजत नाही. ज्यांचं आवार मोठं आहे, रोजची छाटणी आहे, त्यांनी जरूर घ्यावी.

धारेबद्दल एक कळकळीची विनंती. सायकलवरच्या धारवाल्याला ही कात्री देऊ नका. चाकावर पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार टिकत नाही. घरीच डायमंड फाइल घेऊन फक्त उताराच्या बाजूने, मूळ कोन राखून घासा. सपाट बाजूला वळलेली कड निघण्यापुरता एक हात फिरवा, बस. पिठ्या ढेकूण लागलेली जास्वंद कापली की दुसऱ्या झाडाकडे जाण्याआधी पातं स्पिरिटने पुसा. ब्लीच वापरलंत तर गंज आणखी लवकर धरेल. आणि शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब स्प्रिंगच्या दोन्ही टोकांना सोडा, पावसाळ्यात दर वापरानंतर.

ज्यांची कात्री अशाच ठेवणीची आहे, म्हणजे दोन खुंट्यांवर बसणारी सरळ गोल स्प्रिंग, त्यांनी ही मापं कागदावर लिहून न्या: बाहेरचा व्यास ११ मिलिमीटर, तार १.२, मोकळी लांबी ४०. दुकानात ‘दाबाची, एसएस ३०४’ (एसएस म्हणजे स्टेनलेस) असं सांगा, नाहीतर ताणाची हातात ठेवतात. आणि कात्री सोबत न्या, तिथेच बसवून चार-पाचदा दाबून बघा.