टॉमकॅट 10.1 : पतसंस्थांच्या सर्व्हरवर बरेच महिने चालवल्यानंतर

आमचं ॲप्लिकेशन काही फार मोठं प्रकरण नाही. पतसंस्थांसाठीचं सॉफ्टवेअर, सभासद, ठेवी, कर्ज, पिग्मी आणि मार्चएंडला भरमसाठ रिपोर्ट. सर्व्हलेट आणि जेएसपी, म्हणजे जावाचा वेब कोड, बरंचसं जुन्या पद्धतीने लिहिलेलं. इतकी वर्षं टॉमकॅट 8.5 वर, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन चालवणाऱ्या सर्व्हर सॉफ्टवेअरवर, बिनबोभाट चालू होतं, कुणाला टॉमकॅट आहे हेही माहीत नव्हतं. पण 31 मार्च 2024 ला 8.5 चा सपोर्ट संपला, ऑडिटवाले व्हर्जन विचारायला लागले आणि आम्ही 10.1 वर गेलो. आता पुरेसे महिने झालेत, तर लिहितो.

आधी एक सांगतो, नवीन फीचर बघायला म्हणून कुणी टॉमकॅट अपग्रेड करत असेल तर हिरमोड होईल. टॉमकॅट सुधारतो म्हणजे त्याच्या डिफॉल्ट सेटिंग बदलत जातात. काल जे मोकळं होतं ते आज बंद असतं, काल जे तुम्हाला हाताने लिहावं लागायचं ते आज आपोआप होतं, आणि हे सगळं चेंजलॉगमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं, वाचलं तर वाचलं नाहीतर प्रॉडवर (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) कळतं.

सगळ्यात मोठा धक्का अर्थात जकार्ताचा. जावा ईई, म्हणजे जावाचा सर्व्हरवर चालणारा भाग, ओरॅकलकडून एक्लिप्स फाउंडेशनकडे गेलं पण त्यातल्या पॅकेजांचं जावाएक्स हे नाव पुढे वापरायची परवानगी काही मिळाली नाही, म्हणून टॉमकॅट 10 पासून सर्व्हलेटची सगळी पॅकेजं जावाएक्सची जकार्ता झाली. तुमचं जुनं वॉर (ॲप्लिकेशनची पॅक केलेली फाइल) तसंच नेऊन टाकलं तर चालत नाही. यावर टॉमकॅटवाल्यांनी मायग्रेशन टूल दिलंय, शिवाय वेबॲप्स-जावाईई नावाचा फोल्डर केला आणि वॉर त्यात टाकलं की तो स्वतःच बदलून डिप्लॉय करतो. हे खरंच चालतं, वॉरच्या आतले जार, म्हणजे लायब्ररीच्या फाइली, त्यासुद्धा बदलतो. आमचं अडलं ते दुसरीकडेच, कुणीतरी कधीकाळी एक लॉगिन फिल्टरचा जार थेट टॉमकॅटच्या लिब फोल्डरमध्ये टाकून ठेवला होता, तो वॉरच्या बाहेर, मग टूलला तो दिसणार कसा. लॉगमध्ये जावाएक्सचा फिल्टर क्लास सापडत नाही म्हणून बोंब. आणि कृपया हाताने फाइंड-रिप्लेस करायला जाऊ नका, कारण जावाएक्स डॉट एसक्यूएल, जावाएक्स डॉट नेमिंग ही मंडळी जेडीकेची, म्हणजे मूळ जावाचीच आहेत, ती जिथल्या तिथेच राहतात, त्यांनाही जकार्ता केलं तर डेटासोर्सच (डेटाबेसची जोडणी) सापडणार नाही.

आता मराठी डेटावाल्यांसाठी खास. ज्यांनी टॉमकॅट 7 वर काम केलंय त्यांना आठवत असेल, सर्चमध्ये ‘मंगल’ टाइप करून एंटर मारलं की सर्व्हरकडे भलतंच काहीतरी पोचायचं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटचं, आणि टॉमकॅट यूआरएल वाचायचा आयएसओ 8859-1 ने, म्हणजे प्रत्येक बाइट हे वेगळं अक्षर. त्यामुळे एकट्या ‘म’ च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला ए, मग ते चार कोपरे फुटलेलं चलनाचं गोल चिन्ह आणि मग गोलातला आर. सर्व्हर डॉट एक्सएमएलमध्ये कनेक्टरला (रिक्वेस्ट घेणाऱ्या भागाला) यूआरआय-एन्कोडिंग लिहिलं की सुटायचं, पण प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनला कुणीतरी ते विसरायचंच. टॉमकॅट 8 ने यूआरएलसाठी यूटीएफ-8 डिफॉल्ट केलं आणि अर्धं दुखणं गेलं. उरलेलं अर्धं म्हणजे पोस्टने येणारे फॉर्म, तिथे जुना हिशोब तसाच होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी एक एन्कोडिंग फिल्टर लिहून वर्षानुवर्षं प्रोजेक्टमागून प्रोजेक्टला कॉपी केलाय. टॉमकॅट 10 च्या कॉन्फमधल्या वेब डॉट एक्सएमएलमध्ये रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स दोन्हीला यूटीएफ-8 आधीच लिहिलेलं आहे. आमचा तो फिल्टर मी काढून टाकला, सभासदांची नावं, गावं, नॉमिनी सगळं व्यवस्थित सेव्ह होतंय. माझ्या मते मराठी ॲप्लिकेशनला 10 वर जायचं हे एकटं कारण पुरे.

घट्ट झालेल्या डिफॉल्टांचं म्हणाल तर एजेपीचं उदाहरण घ्या. 8009 पोर्टवरचा, अपाची वेब सर्व्हरला टॉमकॅटशी जोडणारा हा कनेक्टर कित्येक वर्षं आपोआप चालू असायचा, वापरत कुणी नव्हतं तरी. 2020 मध्ये घोस्टकॅट नावाचं भगदाड निघालं, या पोर्टवरून वेबॲपच्या आतल्या कॉन्फिग फाइली बाहेरच्याला वाचता येत होत्या. त्यानंतर 9.0.31 पासून एजेपी डिफॉल्टला बंद, चालू केलात तरी फक्त लोकलहोस्टवर ऐकणार आणि सीक्रेट मागणार. कुणाची जुनी अपाची-टॉमकॅट जोडणी असेल तर ती अपग्रेडनंतर गप्प पडते ती यामुळे. तसंच यूआरएलमध्ये कच्चा पाइप किंवा महिरपी कंस आला की सरळ 400 एरर, हे अलीकडे नाही, टॉमकॅट 7 च्या शेवटच्या काळापासून आहे, पण लोक अजून ‘सर्व्हर बिघडला’ म्हणून फोन करतात.

मात्र एकदा घट्ट करण्याचा अतिरेकच झाला. जून 2025 च्या रिलीजमध्ये मल्टिपार्ट (फाइल अपलोडच्या) फॉर्मच्या भागांवर मर्यादा आली, डिफॉल्ट फक्त 10. हेतू बरोबर आहे, हजारो तुकड्यांची रिक्वेस्ट पाठवून मेमरी खायला घालायचा हल्ला त्याने थांबतो. पण मल्टिपार्टमध्ये फक्त फाइली नाही, साधे टेक्स्टचे रकानेही एकेक भाग म्हणून मोजले जातात! आमच्या कर्जमागणी अर्जात आधार, पॅन, सातबारा, फोटो, जामीनदारांची कागदपत्रं आणि वर रकाने, दहात काय बसतंय. किरकोळ व्हर्जन आहे म्हणून बिनधास्त बदललेल्यांचे अपलोड फॉर्म एका रात्रीत बंद. पुढच्याच रिलीजला त्यांनी तो आकडा 50 केला, म्हणजे ऐकतात लोकांचं, पण तोवर कनेक्टरवर मॅक्स-पार्ट-काउंट लिहिणं आलंच.

हे बदल होतात कसे बघावं म्हणून सोर्स उतरवून घेतला. बिल्ड चक्क ॲंट या जुन्या बिल्ड टूलवर आहे, मॅव्हन नाही, ग्रॅडल नाही. हसू आलं खरं, पण जेडीके आणि ॲंट टाकून एक कमांड मारली की लागणाऱ्या लायब्ऱ्या तो स्वतः आणतो आणि आउटपुटच्या बिल्ड फोल्डरमध्ये चालणारा टॉमकॅट तयार. टेस्ट मात्र सगळ्या लावल्या तर जेवून या. दुरुस्ती आधी मुख्य शाखेत जाते, तिथून 10.1 आणि 9 मध्ये उतरते, रिलीज साधारण दर महिन्याला, तीही मतदान होऊन. बग सांगायचा तर छोटंसं वॉर करून द्या ज्यात तो हमखास दिसतो, नुसतं ‘स्लो आहे’ लिहिलं तर कोण कशाला बघेल.

कुरबुरी आहेतच. कॅटॅलिना डॉट आउट ही लॉगची फाइल आपोआप फिरत नाही, बाकीचे लॉग तारखेप्रमाणे बदलतात आणि ही एक फाइल डिस्क भरेपर्यंत वाढते, लॉगरोटेट (लॉग फिरवणारं टूल) आपणच लावायचं. स्टॅटिक फाइलींची कॅश डिफॉल्ट 10 एमबी, ती भरली की लॉगमध्ये त्याच इशाऱ्याचा पाऊस. रीडिप्लॉय केल्यावर ‘अमुक थ्रेड सुरू केला पण थांबवला नाही, मेमरी लीक होऊ शकते’ हा मेसेज येतो त्याला टॉमकॅटला शिव्या देऊ नका, तो आपल्याच कोडची किंवा डेटाबेस ड्रायव्हरची चुगली करतोय. त्याउलट पॅरलल डिप्लॉयमेंट, म्हणजे जुनं-नवं व्हर्जन एकत्र चालवणं, फार कमी लोक वापरतात, वॉरच्या नावात दोन हॅश आणि व्हर्जन लिहिलं की जुनी सेशन जुन्यावर, नवी नव्यावर, काउंटरवरच्या बाईंची अर्धवट एंट्री उडत नाही.

संध्याकाळी सगळे पिग्मी एजंट एकदम मोबाइलवरून कलेक्शन पाठवतात तेव्हा ताण येतो, म्हणून टेस्ट सर्व्हरवर जावा 21 टाकून कनेक्टरला व्हर्च्युअल थ्रेड (जावाचे हलके थ्रेड) चालू करून बघितले. फरक शून्य, कारण रांग थ्रेडसाठी नव्हतीच, डिफॉल्ट 200 थ्रेडही पुरे होते, रांग होती डेटाबेस पूलच्या कनेक्शनसाठी. पूल वाढवला, एका क्वेरीला इंडेक्स लावला आणि काम झालं. टॉमकॅट 11 ला जावा 17 लागतं आणि काही संस्थांच्या मशीनवर अजून जावा 11 आहे, तेव्हा ती बदलेपर्यंत आम्ही 10.1 वरच.