जुनी पुस्तकं विकायची: तीन दिवसांचं प्रदर्शन की बारमाही कपाट?

गावच्या वाचनालयाला हातभार म्हणून जुनी पुस्तकं जमवून विकायचं ठरवलंत, की पहिला प्रश्न हाच येतो. वर्षातून एकदा मोठं प्रदर्शन भरवायचं, की व्हरांड्यात विक्रीचं कपाट कायम मांडायचं? आम्ही दोन्ही केलं आहे. हाताशी पाच-सहाच माणसं असतील तर मी कपाटच सुचवेन.

कारण गोव्याचा पाऊस. घराघरांतून पुस्तकं निघतात ती चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी, साफसफाई नि रंगकाम चालू असताना, म्हणजे ऐन पावसात. प्रदर्शन भरणार डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, जत्रांच्या दिवसांत. मधले तीन-चार महिने खोकी ठेवायची कुठे? आम्ही ती देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) भिंतीला लावून थेट जमिनीवर ठेवली. वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो तिथे ही चूक महागात जाते. खोकी उघडली तेव्हा खालचा थर बुरशीने एकमेकांना चिकटला होता. लोकांनी विश्वासाने दिलेली पुस्तकं फेकावी लागली, त्याचं आजही वाईट वाटतं. कपाटाला साठा लागतच नाही. आलेलं पुस्तक त्याच आठवड्यात मांडलं जातं.

पैसा मात्र प्रदर्शनातच दिसतो. गर्दीत माणूस पिशवी भरून नेतो, कपाटापाशी एखादंच घेतो. पण मंडप, टेबलं, टेम्पो आणि तीन दिवस पाळ्या लावायला दहा-बारा जण हवेत. कपाटाला आठवड्याचे दोन तास आणि कुलपाची पेटी पुरते.

खरा फरक निवडीत पडतो. गोव्यातल्या जुन्या घरांतून पोर्तुगीज, रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी, जुनी मराठी मासिकं असं काहीही निघतं. गोवा मुक्त झाला त्या १९६१च्या आधीचं छापील दिसलं की आम्ही बाजूला काढतो आणि पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात आधी दाखवतो. १८३२ सालापासूनची ही संस्था आहे, तिथल्या जाणकारांना त्याचं मोल कळतं. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री शेकडो पुस्तकं लावताना ही नजर राहत नाही, आणि दुर्मीळ प्रत वीस रुपयांत निघून जाते. कपाटात एकेक पुस्तक हातात घेऊन पाहता येतं.

हिशेबाचं थोडक्यात. वाचनालय सरकारी असेल तर विक्रीचा पैसा परस्पर खर्च करू नका, आणि दाखल नोंदवहीत चढलेलं पुस्तक रीतसर निर्लेखन (नोंदीतून कमी करणं) झाल्याशिवाय विकू नका. संस्थेचं असेल तर पावतीपुस्तक आणि समितीचा ठराव हवाच.

कोरडी खोली असेल, कॉलेजची मुलं हमखास येणार असतील, तर प्रदर्शन जरूर भरवा. फक्त पुस्तकं दसऱ्यानंतर गोळा करा, आणि खोकी लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.