‘भूल घातली’ असं म्हणण्याआधी

भाजी घेऊन घरी निघालेल्या साठीच्या बाईंना दोन पोरं गाठतात. “आजी, आमच्या शेठला मुलगा झालाय, पुढच्या गल्लीत साड्या वाटतायत. पण अंगावर सोनं दिसलं तर देणार नाहीत. तेवढं काढून पिशवीत ठेवा.” आजी मंगळसूत्र काढतात, पाटल्या काढतात. एक पोरगा त्या रुमालात बांधतो, गाठ मारतो आणि पुरचुंडी आजींच्याच पिशवीत टाकतो. “इथंच थांबा, नंबर लावून आलो.” पंधरा मिनिटांनी गाठ सोडली की आत खडे.

पोलीस ठाण्यात आजी सांगतात, “काय झालं ते कळलंच नाही, त्यानं डोळ्यांत बघितलं आणि मी देत गेले.” दुसऱ्या दिवशी पेपरात ‘संमोहित करून दागिने लंपास’ असा मथळा येतो.

संमोहन यात कुठंही नाही. गाठ मारताना दुसरा पोरगा “आजी, ती रिक्षा बघा, लागेल हां” असं काहीतरी बोलतो, आजींची मान वळते, तेवढ्यात तशाच दुसऱ्या रुमालाची पुरचुंडी पिशवीत जाते. पुरचुंडी आधीच बांधून खिशात असते, वजनाला खडे भरलेले. ‘पुढं खून झालाय, आम्ही साध्या वेशातले पोलीस, दागिने कागदात बांधा’ हा प्रकारही याच हातचलाखीचा. तिथं साडीच्या लोभाच्या जागी पोलिसांची भीती असते, इतकाच फरक.

‘भूल’ हा शब्द आपल्याला सोयीचा पडतो. घरच्यांची बोलणी त्यामुळं टळतात. पण फिर्यादीत ‘भूल घातली’ एवढंच लिहिलं गेलं की त्या पोरांची बोली, चपला, दुचाकीचा रंग, कोण कुठल्या बाजूला उभा होता हे सगळं राहून जातं, आणि तपासाला उपयोगी पडतं तेच. शेजारपाजारच्या बायकाही मग डोळ्यांना आणि पावडरीला घाबरत बसतात. घाबरायचं ते ‘काढून ठेवा’ या दोन शब्दांना.

पावडरीचं सांगायचं तर, रस्त्यात उभ्याउभ्या चिमूटभर काही फुंकलं आणि माणूस आज्ञाधारक झाला, असं होत नाही. रेल्वेत चहा-बिस्किटातून गुंगीचं औषध देतात ते खरं आहे, पण ते पोटात जावं लागतं आणि माणूस तासन्‌तास झोपतो. तशी शंका असेल तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रक्त-लघवीचा नमुना द्या. उशीर झाला की तपासणीत काही सापडेलच असं नाही.

आता रंगमंचाकडं वळू, कारण तिथली फसवणूक जास्त सभ्य कपड्यांत येते.

नाट्यगृहात किंवा मंगल कार्यालयात संमोहनाचा प्रयोग लागतो. तिकीट किरकोळ किंवा फुकट. सुरुवातीला सगळ्या प्रेक्षकांना दोन-तीन कसोट्या देतात. बोटं एकमेकांत गुंफा, तळवे बाहेर वळवा, हात डोक्यावर ताठ करा, आवळा, अजून आवळा, आता सोडवून दाखवा. बोटांची पेरं खरोखरच अडकतात, त्यामुळं बऱ्याच जणांचे हात क्षणभर सुटत नाहीत. दुसरी कसोटी पापण्यांची. डोळे मिटा, मिटल्या डोळ्यांनीच कपाळाच्या मध्याकडं वर बघा, बघत राहा, आता उघडा. बुबुळं वर चढवलेली असताना पापणी उचलणं मुळातच जड जातं. घरी आरशासमोर न बसताही करून बघता येईल. यात शक्ती कुणाचीच नसते, पण सभागृहातल्या माणसाला वाटतं की आपल्यावर काहीतरी चाललं आहे.

कसोटीत जे पुढं सरसावतात त्यांना वर बोलावतात. समजा २५-३० जण आले. पुढच्या दहा मिनिटांत प्रयोगकर्ता त्यांच्यातून फिरतो, खांद्याला हात लावतो, मान लुळी पडते का बघतो आणि जो हसतो, डोळे किलकिले करतो त्याला हळूच खाली पाठवतो. शेवटी ६-८ उरतात. हातातला माईक खाली करून कानात सांगितलेलं वाक्य प्रेक्षकांना ऐकू जात नाही: “साथ द्या, मजा येईल.” मग कांदा सफरचंद म्हणून खाणं, चारचा आकडा विसरणं, खुर्ची तापली म्हणून उडी मारणं. शंभरात साधारण १०-१५ जण सूचनेला फार चटकन प्रतिसाद देतात, जवळपास तितकेच अजिबात देत नाहीत, बाकीचे मधले. १९५९ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात हे मोजायची रीतसर मोजपट्टी तयार झाली. रंगमंचावरचा माणूस तेच काम चाळणी लावून करतो. सगळी कला चाळणीत आहे, नजरेत नाही.

दोन खुर्च्यांवर माणूस फळीसारखा आडवा ठेवतात, त्यातली गोम खुर्चीच्या जागेत असते. एक खुर्ची मानेखाली नसते, खांद्यांच्या पात्याखाली असते आणि दुसरी पोटऱ्यांखाली. तसं निरोगी माणूस संमोहनाशिवायही थोडा वेळ राहतो. वर कुणी उभं राहिलं तर मात्र पाठीच्या कण्याला इजा होऊ शकते. दंडाची कातडी चिमटीत धरून आरपार सुई घालतात, तिथंही दुखणं आणि रक्त मुळातच कमी असतं. सुई निर्जंतुक होती का, हे मात्र कुणी विचारत नाही. इंग्लंडात १९४८ साली ब्रायटनच्या एका प्रयोगानंतर तिथल्या तरुणीनं प्रयोगकर्त्यावर दावा लावला होता, आणि १९५२ साली तिथं जाहीर संमोहनावर कायदा आला. परवाना लागतो, आणि १८ वर्षांखालच्यांवर प्रयोग करता येत नाही. आपल्याकडं शाळेच्या प्रार्थना सभागृहात आठवीच्या वर्गावर ‘परीक्षेची भीती घालवतो’ म्हणून हेच चालतं.

एवढ्यावर थांबलं तर ती करमणूक. पण दारात एक फॉर्म भरून घेतलेला असतो: नाव, मोबाईल, व्यवसाय, ‘तुमची समस्या’. प्रयोग संपल्यावर आयोजकाच्या हातात जे राहतं ते फार मोलाचं असतं. तीनशे लोकांतून चटकन मान तुकवणारी आठ माणसं आपणहून पुढं आली, त्यांचे नंबर आहेत आणि त्यांचं दुखणं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

दोन दिवसांनी फोन येतो. “तुम्ही शंभरात एक आहात, इतकी ग्रहणशक्ती फार थोड्यांत असते.” मग ‘सिटिंग’. पहिलं फुकट, दुसरं हजार-दीड हजाराचं, मग ‘दहाचा कोर्स’, पैसे आगाऊ आणि रोख किंवा कुणा तिसऱ्याच्याच खात्यावर. तिसऱ्या-चौथ्या बैठकीला नियम येतात: घरी सांगू नका, परिणाम उतरतो. नवऱ्याला आणू नका, लहरी बिघडतात. रोज रात्री माझा ऑडिओ ऐका, निर्णय घ्यायचा असला की आधी मला फोन करा. पुढं ‘पूर्वजन्म’ निघतो आणि त्यात हमखास घरातलाच कुणीतरी शत्रू असतो. अशा अवस्थेत डोळ्यांपुढं आलेलं दृश्य कितीही स्पष्ट असलं तरी ती आठवण नसते. विचारणाऱ्यानं प्रश्नातच पेरलेलं उगवतं. बंद खोलीत ‘शरीर सैल सोडा’ म्हणत अंगाला हात लावणं हाही याच वाटेवरचा टप्पा. त्यानंतर तोंड उघडायची लाज वाटते, यावरच त्याची भिस्त असते.

या बाबतीत डेन्मार्कचं प्रकरण नेहमी सांगतात. २९ मार्च १९५१ला कोपनहेगनमध्ये पाले हार्ड्रुप नावाच्या माणसानं बँक लुटताना दोघांना गोळ्या घातल्या. तपासात त्याचा तुरुंगातला जुना सोबती ब्यॉर्न नील्सन पुढं आला. योग, ध्यान, ‘रक्षक आत्म्याचा आदेश’ असं सांगत त्यानं हार्ड्रुपला मुठीत ठेवलं होतं. १९५४ साली नील्सनला जन्मठेप झाली. ‘बघा, संमोहनानं खूनही होतो’ म्हणून हे प्रकरण पुढं करतात. नीट बघितलं तर तिथं दिसतं ते असं: एकच कोठडी, दुसरं कुणी बोलायला नाही, आणि वर्षानुवर्षं तोच आवाज. एका नजरेत झालेलं त्यात काहीच नाही.

मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स या संशोधकांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेला प्रयोगही हेच दाखवतो. संमोहित लोकांना विषारी साप धरायला, आम्लात हात घालायला, ते दुसऱ्याच्या तोंडावर फेकायला सांगितलं. सुरक्षेची सोय आधीच केलेली होती. जवळजवळ सगळ्यांनी ऐकलं. पण ज्यांना संमोहनाचं नुसतं सोंग करायला सांगितलं होतं, त्यांनीही तेच केलं. समोरचा जबाबदार माणूस आहे, तो काही विपरीत होऊ देणार नाही, एवढा विश्वास पुरला.

उपचारात संमोहन वापरतात, ते थोतांड नाही. पण तिथं आधी पदवी आणि नोंदणी विचारा: मनोविकारतज्ज्ञ असेल तर वैद्यकीय परिषदेची, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेची. ‘संमोहनतज्ज्ञ’ अशी पाटी कुणालाही लावता येते. सोबतीला माणूस चालेल का, हे फोनवरच विचारा. पावती मागा. ‘घरी सांगू नका’ हे वाक्य आलं की पुढची बैठक रद्द.

पैसे गेले असतील तर तक्रार साध्या फसवणुकीची द्यायची, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. दैवी शक्तीचा दावा केला असेल तर महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदाही लागतो. त्यात ६ महिने ते ७ वर्षं कैद आहे, आणि ठाण्यात त्यासाठी दक्षता अधिकारी असतो. पैसे ऑनलाइन गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, मग ठाण्यात जा. अर्जात ‘मला वश केलं’ असं लिहू नका. कुठल्या तारखेला, कुठं, कुणी, कोणत्या शब्दांत, किती रुपये मागितले ते ओळीनं लिहा, ऑडिओ आणि चॅट पुसू नका, आणि दारात भरलेल्या त्या फॉर्मचा फोटो असेल तर तोही जोडा. आयोजकाचा नंबर बहुतेक वेळा त्याच्याच तळाशी छापलेला असतो.