आशाताईच्या घरभेटी, घणसोली: माझा अनुभव, 5 पैकी साडेचार स्टार

मालीशवाल्या मावश्यांचे आणि चोवीस तास राहणाऱ्या आयांचे रिव्ह्यू सगळेच टाकतात, मी आज आशाताईच्या, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रातर्फे घरी येणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या, फुकट मिळणाऱ्या सर्विसचा टाकतेय, कारण माझ्या लेकीचं वजन तिच्यामुळे सावरलं आणि माझ्या ओळखीतल्या निम्म्या मुलींना बाळंतपणानंतर अशी कोणी घरी येते हेच माहीत नाहीये.

डिलिव्हरी प्रायव्हेटमध्ये झाली, नॉर्मल, नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सोडलं. फाइल दिली, औषधं दिली, पण बाळाला अंगावर कसं घ्यायचं ते एकदासुद्धा कोणी शेजारी बसून दाखवलं नाही, "येईल हळूहळू" एवढंच. पाचव्या महिन्यात जवळच्या नागरी आरोग्य केंद्रात नाव नोंदवून ठेवलं होतं आणि माता बाल कार्ड घेतलं होतं, ते बरं केलं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दुपारी दारात आशाताई उभी.

आल्या आल्या बाळाकडे गेली नाही. आधी मोरीत जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, बांगड्या वर सरकवून. मग थर्मामीटर बगलेत, पोटाला आणि तळपायाला हात लावून गार लागतंय का बघितलं, घड्याळ लावून पूर्ण 1 मिनिट बाळाचा श्वास मोजला. म्हणाली बाळ शांत असताना 60 किंवा जास्त भरला, छाती आत ओढली जायला लागली, प्यायचं सोडलं किंवा अंग गार पडलं तर मला फोन लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. नाळेला काही लावायचं नाही, हळद नाही, तेल नाही, पावडर नाही. सासूबाईंच्या हातात हळदीची वाटी होती, त्यांनी ती मुकाट आत नेऊन ठेवली.

खरी गोष्ट सातव्या दिवसाची आहे. जन्माचं वजन 2 किलो 700 ग्रॅम होतं, तिने झोळीच्या काट्याला लावलं तर 2 किलो 400. मी म्हटलं पहिल्या आठवड्यात कमी होतंच ना, तर ती म्हणाली होतं, पण दहा टक्क्यांच्या वर गेलं की बसून राहायचं नाही. मग विचारलं दिवसभरात शू किती वेळा, मी म्हटलं तीनदा असेल, तिने मान हलवली, आता निदान सहा तरी व्हायला हवीत. आणि मग खाली चटईवर बसून म्हणाली, पाज बघू माझ्यासमोर. वीस मिनिटं ती हलली नाही. बाळ नुसती बोंडशी चोखत होतं, काळा भाग तोंडात जातच नव्हता, मला भेगा पडलेल्या आणि दुखतंय म्हणून मी दर वेळी पाच मिनिटांत काढून घेत होते. तिने माझ्या पाठीला उशी लावली, बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायला लावलं, हनुवटी छातीला टेकली की मग जवळ घे म्हणाली. पहिल्यांदा मला गिळल्याचा आवाज ऐकू आला आणि मी रडले, खूप रडले.

तेवढ्यात तिने बाळगुटीची सहाण बघितली. सासूबाई रोज गुटी उगाळत होत्या आणि रात्री रडलं की मधाचं बोट, प्रेमानेच, त्यांच्या चारही मुलांना असंच केलेलं. ताई त्यांना आजी म्हणून बोलली, "आजी, तुमचा हात लागल्याशिवाय हे घर चालणार नाही, पण सहा महिने हिला आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीपण नको. गुटीने पोट भरतं आणि मग ती चोखायचा कंटाळा करते." हेच मी सांगितलं असतं तर घरात दोन दिवस अबोला झाला असता. त्याच संध्याकाळी आम्हाला घेऊन ती केंद्रातल्या डॉक्टरांकडे गेली, कावीळ नाही ना ते बघून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात नसताना परत आली. चौदाव्या दिवशी 2 किलो 620, एकविसाव्या दिवशी 2 किलो 850. मी ते आकडे फ्रिजवर लावलेत.

या भेटींचे दिवस ठरलेले असतात, दवाखान्यात बाळंतपण झालं तर 3, 7, 14, 21, 28 आणि 42. घरी झालं असेल तर पहिल्याच दिवशी एक जास्तीची. हेच दिवस का म्हणून नवऱ्याने शोधाशोध केली तेव्हा कळलं की याचं मूळ आपल्याच गडचिरोलीत आहे, डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर नवजात बाळं तपासायला लावली, मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, 1999 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि 2011 ला ते देशभर सरकारी योजनेत आलं. वाचून अंगावर काटा आला, माझ्या घरातली ती चटई गडचिरोलीच्या झोपड्यांशी जोडलेली होती.

आणि माझ्याबद्दल. सगळे येऊन बाळ कोणासारखं दिसतं ते बघत होते, हिने दर वेळी सासूबाईंना चहा टाकायला आत पाठवलं आणि हळूच विचारलं, जेवलीस का, पॅड किती बदलतेस, वास येतो का, ताप आला होता का, रात्री रडू येतं का. मी हो म्हटलं. म्हणाली पहिले काही दिवस बऱ्याच जणींना येतं, पण दोन आठवडे झाले तरी गेलं नाही, बाळाकडे बघवेना झालं तर लपवायचं नाही, 14416 ला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर फोन करायचा नाहीतर मला सांगायचं. नवऱ्याला बोलावून रात्री तीनचं दुपटं बदलणं त्याच्यावर टाकलं. त्याने आजपर्यंत चुकवलं नाहीये.

मालीशवाल्या मावशीही लावल्या होत्या, महिन्याचे 9,000. मला शेकशेगडीचं सुख मिळालं, कंबर मोकळी झाली, पैसे वसूल. पण त्या बाळाची छाती दाबून दूध काढायच्या आणि नाकाकानात तेल घालायच्या, ते ताईने बघितल्यावर बंद करायला लावलं.

अर्धा स्टार कशाचा कापला तर 28 व्या दिवसाची भेट तीन दिवस उशिरा झाली, तिच्यावर सर्वे आणि पोलिओ दोन्ही टाकलेलं होतं, आणि काट्याचा हुक एकदा अडकला तर शेजारच्या आशाताईचा काटा मागून आणावा लागला. यात तिचा दोष नाही. 2011 ला या सगळ्या भेटींचे मिळून 250 रुपये ठरले होते, मी हा आकडा वाचून खूप वेळ गप्प बसले. चांगला काटा आणि चांगले पैसे, दोन्ही तिला मिळायलाच पाहिजेत.

माझी बहीण घोडबंदर रोडला टॉवरमध्ये राहते, तिच्याकडे कोणी आलंच नाही. शहरात आशांची नेमणूक मुख्यतः वस्त्यांसाठी असते, 1,000 ते 2,500 लोकांमागे एक, टॉवरमध्ये ना कोणाला नाव माहीत ना वॉचमन वर सोडतो. ती सव्वा महिना एकटी रडत होती आणि आम्हाला वाटायचं घर मोठं आहे, लिफ्ट आहे, तिला काय कमी. तर टॉवरवाल्यांनो, गरोदर असतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन नाव आणि फोन द्या, घरभेट हवी म्हणून स्वतः विचारा, आणि गेटवर सांगून ठेवा. घरी आली तर दारातून परत पाठवू नका, पाणी द्या, बसायला द्या.

आमच्या 42 दिवसांच्या भेटी संपल्यात, आता 3, 6, 9, 12 आणि 15 व्या महिन्यात येते, ही योजना 2018 पासूनची. परवाच फोन आला होता, मंगळवारी येते, कार्ड काढून ठेव, साडेतीन महिन्यांच्या लसीची तारीख बघायचीये, आणि आजींना म्हणावं गुटीची सहाण अजून वरच्याच फळीवर राहू दे.