नातीसाठी घेतलेले लाकडी युनिट ब्लॉक्स: वापरून झाल्यावर सांगण्यासारखं

या ठोकळ्यांच्या खोक्यावर 'बुद्धीला चालना', 'एकाग्रतेत वाढ' असं बरंच काही छापलेलं असतं. त्यातून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. मापं नेमकी आहेत का, एकेक नग किती जड आहे, खाली पडला की आवाज किती होतो, आणि दीड वर्षाचं मूल या लाकडांचं प्रत्यक्षात करतं काय, हे कळायला हवं आणि तेच कुठे लिहिलेलं नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

मी गणित शिकवायचे. आता निवृत्त आहे आणि मुलगा-सून कामावर गेले की नात, आमची चिऊ, माझ्याजवळ असते. संच घेतला तेव्हा ती दीड वर्षाची होती, आता अडीच पूर्ण झाली आहे. बाकीची खेळणी आली आणि गेली. हे ठोकळे रोज बाहेर निघतात.

आधी मापाबद्दल, कारण सगळी किमया तिथेच आहे. मूळ ठोकळ्याला युनिट म्हणतात. तो साडेपाच इंच लांब, पावणेतीन इंच रुंद आणि त्याच्या निम्मा जाड असतो. ढोबळमानाने १४० × ७० × ३५ मिलिमीटर. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. संचातले बाकीचे नग याच मापातून निघतात: अर्धा, दुप्पट, चौपट, तिरका कापलेला त्रिकोण, खांब, कमान. हे प्रमाण रूढ केलं न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट यांनी. त्या सुतारकाम शिकवणाऱ्या शिक्षिका. १९१४ साली त्यांनी लहान मुलांची शाळा काढली, ती आजही सिटी अँड कंट्री स्कूल या नावाने चालते. त्यांच्याही कितीतरी आधी जर्मनीत शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी मुलांच्या हाती लाकडी घन दिले होते, पण ते लहानसे, टेबलावर मांडायचे आणि ठरलेल्या क्रमाने खेळायचे. प्रॅट यांनी ठोकळे मोठे केले, जमिनीवर आणले आणि काय बांधायचं ते मुलांवर सोपवलं.

हे प्रमाण लहान मुलाच्या हातात काय काम करतं ते मी डोळ्यांनी पाहिलं. चिऊ भिंत रचत होती आणि एक युनिट कमी पडलं. तिने टोपलीत हात घातला, अर्धा नग मिळाला, तो ठेवला, उरलेल्या फटीकडे पाहिलं आणि दुसरा अर्धा शोधायला लागली. फट बुजली तशी टाळ्या वाजवत माझ्याकडे वळली. दोन अर्धे मिळून एक, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिला ते शब्दांत सांगताही येत नव्हतं. पावकी-निमकी घोकून अपूर्णांकाशी झटापट करणारी मुलं मी उभ्या नोकरीत पाहिली आहेत. त्यांच्या हाती लहानपणी असं काही आलं असतं तर, हा विचार त्या दिवशी मनातून जाईना.

पण हे पुष्कळ नंतरचं. सुरुवातीला ती काहीच बांधत नव्हती, आणि संच परत करण्याची घाई घरोघरी इथेच होत असणार. एक ठोकळा उचलायचा, दुडुदुडु दुसऱ्या खोलीत न्यायचा, तिथे ठेवायचा, परत यायचं, पुढचा उचलायचा. दिवसच्या दिवस हेच. मुलगा म्हणाला, "आई, ही नुसती हमाली करतेय. हे तिच्या वयाचं नाही, बदलून आणू का?" मी त्याला थांबवलं. न्यूयॉर्कमधल्याच एक शिक्षिका, हॅरिएट जॉन्सन, यांनी १९३३ मध्ये ठोकळ्यांच्या खेळाचे टप्पे मांडले होते, आणि त्यातला पहिला टप्पा अगदी हाच: उचलणं आणि वाहणं. मग रांगा आणि थप्प्या. मग दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा, म्हणजे पूल. मग चारी बाजूंनी बंद केलेली जागा. मग डावी-उजवीकडे सारखी नक्षी, आणि शेवटी बांधलेल्या वस्तूला नाव. चिऊ याच वाटेने गेली, फक्त पुलापाशी बराच काळ अडकली. दोन उभे ठोकळे ती फार दूर ठेवायची आणि आडवा मधून खाली पडायचा. मी हात पुढे केला नाही. अंतर कमी करायचं हे तिचं तिला ज्या क्षणी उमगलं, तेव्हापासून आमच्या घरात पूलच पूल आहेत. परवा सून तिला म्हणाली, "हे काय केलंस गं?" तर उत्तर आलं, "बाबाचं ऑफिस." म्हणजे नाव देण्यापर्यंत गाडी आली आहे.

आता वजन. आमचा संच बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा आहे; काही कंपन्या मेपलचं लाकूड वापरतात. दोन्ही कठीण लाकडं, कोपरे सहज झिजत नाहीत. एक युनिट स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाव किलोच्या जवळ भरतं. दुप्पट लांबीचं अर्धा किलो, चौपट जवळजवळ एक किलो. लांबीबरोबर वजनही दुपटीने वाढतं आणि ते मुलाच्या मनगटाला कळतं, ही मला या खेळण्यातली फार मोलाची गोष्ट वाटते. पण किलोभर वजनाचा, अर्ध्या मीटरहून लांब सोटा दोन वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे. पायावर पडला तर बोट सुजेल, आणि वळताना शेजारच्या मुलाच्या डोक्याला लागेल. चौपट नग मी पहिल्याच दिवशी कपाटावर ठेवले. संचावर 'दीड वर्षापासून पुढे' असं लिहिणाऱ्यांनी हे नग वेगळे बांधून द्यायला हवेत.

फेकाफेकीबद्दल विचारणा होईलच. हो, फेकते. त्या वयाची सगळीच मुलं फेकतात. आमच्याकडे एकच वाक्य ठरलं आहे आणि घरातले तिघेही तेच बोलतो: "फेकायला चेंडू, ठोकळा ठेवायला." ठोकळा हातातून घ्यायचा आणि लगेच चेंडू द्यायचा. आवाज चढवायचा नाही. दुसरा नियम पाडण्याचा. स्वतःचा मनोरा हवा तेव्हा पाडावा, दुसऱ्याचा विचारून. पाडण्यात जो आनंद आहे तो हिरावून घेऊ नये. उंच रचण्याची हौस निम्मी त्यापायीच असते.

आवाज मात्र खरंच होतो. फरशीवर मनोरा कोसळला की खालच्या घरात दणका जातो. यावर फोमची जाड चटई घालून पाहिली, तर ठोकळे डुगडुगायला लागले आणि चिऊ वैतागली. झुबकेदार गालिच्यावरही तेच. पातळ, घट्ट विणीची सतरंजी सर्वांत चांगली: पृष्ठभाग सपाट राहतो आणि दणका बराच कमी होतो. दुपारी शेजारी झोपलेले असताना आम्ही थप्प्यांऐवजी रांगा करतो.

सुरक्षिततेसाठी एक गोष्ट घेण्याआधी तपासाच. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांत गुदमरण्याचा धोका मोजायला ३१.७ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो या वयाला चालत नाही. युनिटच्या मापातले नग तिच्यात जाऊच शकत नाहीत. बाजारातल्या छोट्या रंगीत घनांचं तसं नाही. घनाची बाजू साधारण २२ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर तो सरळ आत उतरतो. घरी अशी नळी नसते, पण टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी चालते. ती जरा रुंद असल्याने चाचणी आणखी कडक होते, ते चांगलंच. आमचे ठोकळे रंग आणि व्हार्निश न लावलेले, नुसते घासून गुळगुळीत केलेले आहेत. दात येताना चिऊने त्यांचे कोपरे मनसोक्त चावले, खुणा अजून आहेत. पुसायला ओलसर फडका पुरतो. पाण्यात बुडवू नका; लाकूड फुगतं आणि मापं बिघडतात.

मापं बिघडली की सगळंच बिघडतं, म्हणून माझी एकमेव मोठी तक्रार त्याबद्दलच आहे. आलेल्या संचातले काही अर्धे नग लांबीला मिलिमीटरभर कमी होते. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण हे अर्धे नग उभे करून त्यांच्यावर काही आडवं ठेवलं, आणि त्यावर पुन्हा तसंच, की फरक मजल्यागणिक साचत जातो आणि मनोरा कलतो. आपण नीट ठेवलं नाही असं मुलाला वाटतं, आणि चूक असते करवतीची. विक्रेत्याला पट्टीसकट फोटो पाठवल्यावर नग बदलून मिळाले, वेळ मात्र लागला. खोकं उघडल्या उघडल्या दोन अर्धे एका युनिटला, दोन युनिटं एका दुपटीला चिकटवून ठेवा आणि टोकावरून बोट फिरवा. बोटाला पायरी लागता कामा नये. सोबत आलेली कापडी पिशवी तर पहिल्या महिन्यातच उसवली. तशीही पिशवी नकोच, त्यात तळाचं काही दिसत नाही. आम्ही उथळ टोपली आणि खालचा कप्पा वापरतो. आवरताना सारखे नग सारख्यांजवळ लावायचे. संध्याकाळी हे काम बाबा आणि चिऊ मिळून करतात. त्याला दिवसभरात तिच्याबरोबर मिळणारा हाच निवांत वेळ असतो आणि तो कोणाला देत नाही.

सगळा संच एकदम काढू नका. २०१८ साली अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या संशोधकांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. आमच्याकडे वीसेक ठोकळे खाली असतात, बाकीचे वर. अधूनमधून कमानी काढते आणि त्रिकोण ठेवते.

एकमेकांत अडकणारे प्लास्टिकचे ठोकळेही घरात आहेत. चांगलेच आहेत, प्रवासात तेच नेतो. पण ते एकदा दाबून बसवले की तोल कसाही असला तरी उभे राहतात. लाकडी ठोकळा कडेला सरकला की पडतो, लगेच आणि दर वेळी. मुलाला त्याच क्षणी उत्तर मिळतं, मोठ्यांनी काही सांगावं लागत नाही. बॅटरीवर गाणारी खेळणी मी मात्र मनापासून नाकारते. ती बोलत असली की आपण गप्प होतो. ठोकळे मुके असल्यामुळे मी दिवसभर बोलत राहते: वर, खाली, आत, शेजारी, लांब, आखूड, आता पडेल, धर. चिऊचे पहिले कितीतरी शब्द इथूनच आले.

कोणी घेऊ नये? ज्यांच्याकडे खेळ एका रात्रीपुरता तरी जमिनीवर तसाच सोडायला कोपरा नाही त्यांनी जरा थांबावं. अर्धवट बांधलेलं सकाळी पुढे नेता येणं हा या खेळाचा मोठा भाग आहे. आणि मूल वर्षाच्या आत असेल तर आत्ता घेऊ नका. त्याला एवढं वजन पेलणार नाही.

घेणार असाल तर एका मुलाला पन्नास-साठ नग भरपूर होतात. त्यात निम्म्याहून जास्त युनिटं आणि अर्धे असावेत. कळस, खिडक्या, नक्षीदार तुकडे असलेला संच दिसायला छान दिसतो, पण दोन वर्षांच्या मुलाला एकसारखे आणि पुष्कळ ठोकळे लागतात. विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: लाकूड कोणतं, आणि पुढे सुटी युनिटं त्याच मापात मिळतील का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं तर दुसरा विक्रेता बघा.