डेटा उघडा की कपाटात?

भाची गोवा विद्यापीठातून सागरविज्ञानात एमएस्सी झाली. परवा ताळगावला जेवायला आली ती पीएचडीसाठीचे दोन प्रकल्प घेऊनच. एक आर्गोच्या, म्हणजे समुद्रात वाहत राहून मोजमाप करणाऱ्या यंत्रांच्या जगभरच्या जाळ्याच्या डेटावरचा, दुसरा संरक्षण खात्याच्या निधीतला, पाण्याखालच्या आवाजाचा. "मामा, कुठला घेऊ?"

नावं वेगळी असली तरी दोन्हीकडे मोजायचं तेच: पाण्याचं तापमान आणि खारटपणा. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो, गरम पाण्यात थोडा जास्तच. वरचा थर गरम आणि त्याखाली एकदम गार पाणी असलं की आवाज खाली वळतो आणि मध्ये एक आंधळी जागा उरते. पाणबुडी तिथे लपते, वरच्या जहाजाच्या सोनारला, म्हणजे आवाजावरून शोध घेणाऱ्या यंत्राला, पत्ता लागत नाही. ताटातला बांगडा कुठे मिळेल याचा अंदाज बांधतानाही पाण्याचं तापमान पाहतात. म्हणजे आकडा तोच; तो कुणाच्या हाती जातो, यावर भांडण.

आर्गोची यंत्रं जगभर सुमारे ४०००. हजार मीटरवर वाहत राहायचं, दर दहा दिवसांनी दोन हजारांपर्यंत बुडी मारून मोजत वर यायचं, उपग्रहाला कळवायचं. साधारण २४ तासांत आकडे कुणालाही फुकट. चूक केलीस तर दाखवणारे शंभर भेटतील. पण तुझ्याच कल्पनेवर दुसरं कुणी आधी पेपर काढेल, ही धास्ती कायमची.

दुसरीकडे पैसा बरा आणि बोटीवर जायला मिळेल, ही लहान गोष्ट नव्हे. अडतं ते छापताना. माझ्या एका मित्राला प्रबंधातल्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश पुसावे लागले. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, "हे नेमकं कुठलं?" तो म्हणाला, "अरबी समुद्र." सगळे हसले, तो सोडून.

तरी गुप्तता म्हणजे नुसता बाऊ, असं मी म्हणणार नाही. किनाऱ्यापुढच्या समुद्रातल्या आपल्या आर्थिक क्षेत्रात परदेशी जहाजाला संशोधन करायचं तर संमती लागते आणि सहा महिने आधी कळवावं लागतं, हा १९८२ च्या सागरी कायदा कराराचाच नियम. तळाचा नकाशा खाणीला उपयोगी, तसाच पाणबुडीलाही. पण सगळंच झाकून चालत नाही. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने २६ जानेवारी १९८१ ला हिंदी महासागराच्या तळातून धातूंचे गोटे वर काढले. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातल्या एका क्षेत्रात असे गोटे शोधायचा भारताला हक्क मिळाला तो क्षेत्र आखून जगापुढे मांडल्यावरच.

माझं मत विचारशील तर पीएचडीला आर्गो. उद्या नोकरी मागायला जाशील तेव्हा कपाटातला अहवाल दाखवता येत नाही. बोटीचा मोह सुटतच नसेल, तर सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी माग: कुठला भाग छापता येईल, आणि परवानगी किती दिवसांत मिळेल. "बघू मागाहून" हे उत्तर नाहीच समज.

तिने या दोन गोष्टी विचारून संरक्षणवाल्यांना मेल टाकलाय. उत्तर यायचंय. आर्गोचा अर्ज मात्र भरून ठेवलाय.