मॅकओएस घातलेला पीसी विकावा का? चार वाटा शेजारी शेजारी

पीसी जोडून विकणाऱ्याला कधी ना कधी हे विचारलं जातंच: "याच्यावर मॅकओएस टाकून द्याल का?" मॅकओएस म्हणजे ॲपलच्या मॅक संगणकांची कार्यप्रणाली. ती साध्या पीसीवरही टाकता येते, हे खरं. जुळणारा इंटेल प्रोसेसर, एएमडीचं चालणारं ग्राफिक्स कार्ड, ओपनकोअर हा बूटलोडर (यंत्र सुरू होताना प्रणाली चढवणारा प्रोग्रॅम) आणि एक मोकळी संध्याकाळ, एवढ्यावर यंत्र उभं राहतं. मीही स्वतःपुरतं असं यंत्र बांधून वापरलं आहे आणि त्यात मजा आली, हे लपवत नाही. पण स्वतःसाठी बांधणं वेगळं आणि बिल फाडून दुसऱ्याच्या हातात देणं वेगळं.

समोर चार वाटा असतात: तयार हॅकिन्टॉश, म्हणजे मॅकओएस घातलेला बिगर-ॲपल पीसी, विकणं, मॅकओएसला चालेल असा कोरा पीसी विकणं, जुना खरा मॅक दुरुस्त करून विकणं, किंवा सरळ विंडोज-लिनक्सवर राहणं.

तयार हॅकिन्टॉश

ही वाट एकाने आधीच शेवटपर्यंत चालून पाहिली आहे. फ्लोरिडातल्या सायस्टार या कंपनीने एप्रिल २००८ मध्ये ३९९ डॉलरपासून 'ओपनमॅक' विकायला काढला. नाव मात्र लगेच 'ओपन कॉम्प्युटर' झालं. ॲपलने तिला कोर्टात खेचलं. तिचा बचाव असा: मॅकओएस घातलेल्या प्रत्येक यंत्रामागे आम्ही त्या प्रणालीची एक पेटी पैसे मोजून घेतो आणि गिऱ्हाइकाला देतो, मग चोरी कसली?

ऐकायला हे पटतं. पण यंत्रात जे जात होतं ते त्या पेटीतलं नव्हतं. ॲपलच्या मॅक मिनी या संगणकावरून प्रत काढायची, तिच्यात फेरफार करून मास्टर बनवायची आणि तीच एकामागून एक हार्ड डिस्कवर उतरवायची, असा कारभार होता. विकत घेतलेली वस्तू पुढे विकायचा हक्क त्या वस्तूपुरता असतो. तिच्या नव्या प्रती काढायला तो पुरत नाही. न्यायाधीश विल्यम अल्सप यांनी नोव्हेंबर २००९ मध्ये कॉपीराइटभंग झाल्याचं ठरवलं. ॲपलने कूटबद्ध केलेला भाग उघडण्यासाठी तोड काढली म्हणून डीएमसीए या अमेरिकेच्या डिजिटल कॉपीराइट कायद्याचा भंगही ठरवला. डिसेंबरमध्ये कायमची मनाई झाली. भरपाई आणि वकिलांचा खर्च मिळून सुमारे २६ लाख ७० हजार डॉलरवर तडजोड झाली होती, पण कंपनी तोवर दिवाळखोरीच्या दारात जाऊन आली होती. २०११ मध्ये अपील न्यायालयानेही निकाल कायम ठेवला.

'ॲपलची मक्तेदारी आहे' हा युक्तिवादही टिकला नाही. अपील न्यायालयाचं म्हणणं असं की, मॅकओएसच्या परवान्याचा करार ॲपलच्या प्रणालीचा वापर ॲपलच्या यंत्रापुरता ठेवतो. तुम्ही स्वतःची प्रणाली लिहायला मोकळे आहात. तुम्हाला हे रुचो न रुचो, अमेरिकेत उत्तर मिळालेलं आहे. युरोपचं न्यायालय २०१२ मध्ये वापरलेल्या परवान्याच्या पुनर्विक्रीबाबत बरंच उदार झालं, पण तिथेही अट होती की विकणाऱ्याने आपली प्रत निकामी करावी. एकातून अनेक करायला तीही मुभा नाही.

सायस्टारकडे निदान पेटी होती. आज तीही नाही. २०१३ पासून मॅकओएस फुकट मिळतं, म्हणजे त्याची किंमत यंत्रातच धरलेली असते. ज्याने ते यंत्र घेतलेलंच नाही त्याला 'आम्ही पैसे भरले' असं म्हणायला जागा उरत नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच, आणि जुने वाद उगाळणाऱ्यांच्या तो ध्यानात येत नाही.

आता नीतीची बाजू. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी एक गोष्ट खटकते. हॅकिन्टॉशला ॲपलच्या सेवा वापरायच्या तर त्यात एखाद्या खऱ्या मॅकच्या मॉडेलची ओळख आणि बनवलेला सीरियल नंबर घालावा लागतो. स्वतःच्या यंत्रात ही लबाडी केली तर तिचा भार तुमच्यावर. विकलेल्या यंत्रात ती केली, तर गिऱ्हाइकाचं खातं आणि संदेश त्या खोट्या ओळखीवर उभे राहतात, आणि बहुधा त्याला याची कल्पनाही नसते.

दुसरं अपडेटचं. २०१८ मध्ये मॅकओएसची मोहावे ही आवृत्ती आली आणि एनव्हिडियाच्या पास्कल पिढीची ग्राफिक्स कार्डं घेऊन बसलेले लोक आधीच्या हाय सिएरावरच अडकले. २०२३ मध्ये सोनोमाने जुन्या ब्रॉडकॉम वाय-फाय कार्डांचा आधार काढला. हॅकिन्टॉशवाले मुद्दाम शोधून घ्यायचे ती हीच कार्डं. छंद म्हणून करणारा अशा वेळी रात्रभर जागून उपाय शोधतो. गिऱ्हाईक तुम्हाला फोन करतं. त्यातून ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलं की इंटेल मॅकवर चालणारी टाहो ही शेवटची आवृत्ती. आज विकलेला हॅकिन्टॉश म्हणजे शेवटच्या थांब्याचं तिकीट.

कोरा पीसी

नुसतं यंत्र विकणं कुणाच्या परवान्यात अडकत नाही. दुसऱ्याच्या यंत्राशी जुळणारं यंत्र बनवणं हा जुना आणि प्रतिष्ठित धंदा आहे. कॉम्पॅकने १९८२ मध्ये आयबीएमशी जुळणारा संगणक जाहीर केला तो बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा मूळ कोड, स्वतः नव्याने लिहून. फ्रँकलिन या कंपनीने त्याच सुमारास ॲपल टूशी जुळणारा संगणक ॲपलचाच कोड उचलून बनवला आणि १९८३ मध्ये अपील न्यायालयात हरली.

पण 'कोरा' म्हणजे खरंच कोरा हवा. सोबत तयार पेनड्राइव्ह द्यायचा, नाहीतर घरी माणूस पाठवून 'फुकटात' टाकून द्यायचं, हे कोंबडं झाकून ठेवण्यासारखं आहे. सायस्टारवरच्या मनाईत इतरांना असा भंग करायला मदत करणंही धरलं होतं, आणि तिने वेगळं विकायला काढलेलं रिबेल ईएफआय हे पीसीवर मॅकओएस टाकण्याचं साधनही मागे घ्यावं लागलं. कोणते भाग कशाशी जुळतात एवढं खरं सांगा आणि थांबा. पैसा यात कमी सुटतो, पण झोप नीट लागते.

जुना खरा मॅक

करारातली 'ॲपलच्या यंत्रावरच' ही अट इथे आपोआप पाळली जाते, म्हणून मला ही वाट सगळ्यात जवळची वाटते. काळजी दोन ठिकाणी घ्यायची. ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे यंत्राला आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याशी बांधणारं कुलूप, त्याच्याकडून उठवून घ्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या हातात शोभेची वीट पडते. आणि ओपनकोअर लेगसी पॅचर या साधनाने जुन्या मॅकवर नवी आवृत्ती चढवून विकण्याचा मोह टाळा. त्यासाठी प्रणालीचे काही सुरक्षेचे पहारे सैल करावे लागतात, आणि प्रणालीत फेरफार करू नये असं कलमही करारात असतं. त्या मॅकला अधिकृतपणे मिळालेली शेवटची आवृत्ती टाका, तिचे सुरक्षा अपडेट येतात की थांबलेत ते बिलावरच लिहा, आणि पॅचर टाकायचा की नाही ते घेणाऱ्यावर सोडा.

विंडोज किंवा लिनक्स

विंडोजबद्दल लोक समजतात तितकं हे सरळ नाही. जोडलेल्या पीसीसाठीचा ओईएम (यंत्र बनवणाऱ्यासाठीचा) परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो. तो घेऊन विकलात तर प्रश्न मिटला. पण मूळ किमतीच्या चिमूटभर पैशांत मिळणाऱ्या ॲक्टिव्हेशन-की अनेकदा कंपन्यांच्या घाऊक परवान्यातून फुटलेल्या असतात. सक्रिय झाली म्हणजे परवाना मिळाला, असं नाही. हॅकिन्टॉशला नाक मुरडून हा माल विकणारे मी पाहिले आहेत.

जुन्या यंत्रांचाही पेच आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकता येतं, पण अशा यंत्राला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट सांगते. परवाना खरा असला तरी यंत्र अनधिकृतच. लिनक्स टाकून विकायला मात्र कुणाची ना नाही. जीपीएल या मुक्त परवान्याखालचा सोर्स कोड मागणाऱ्याला मिळेल एवढी सोय ठेवावी लागते.

मग त्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं? मी आधी विचारतो, मॅकओएस कशासाठी हवंय. फायनल कट, लॉजिक किंवा एक्सकोड (व्हिडिओ, संगीत आणि ॲप बनवण्याची ॲपलची सॉफ्टवेअर) असं उत्तर आलं तर २०२० चा एम१ चिपचा मॅक मिनी, वापरलेला का होईना, शोधून देतो. "दिसायला छान असतं" असं आलं तर त्याच्यासमोर लिनक्सचा एक नीटनेटका डेस्कटॉप उघडून ठेवतो आणि चहा होईपर्यंत त्याला एकट्याला खेळू देतो.